पाडव्याला चुकलेला तास

या महिन्याच्या टपालात फोनमधल्या घड्याळाबद्दलची पाच पत्रं आली. मार्च तोंडावर आहे, म्हणून पाचही याच अंकात घेतो. येत्या २९ मार्चला (२०२६), रविवारी, युरोपातली घड्याळं उन्हाळ्यासाठी एक तास पुढे जातील. पोर्तुगाल आणि इंग्लंडमध्ये ज्यांची माणसं आहेत अशी घरं गोव्यात गावोगावी आहेत, आणि त्या रविवारी त्यांतल्या किती घरांत फोन वाजतच नाही किंवा भलत्या वेळी वाजतो, हे मी दर वर्षी ऐकतो.

प्रश्न : भाऊ, माझा मुलगा लिस्बनला एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. गेल्या वर्षी पाडवा ३० मार्चला, रविवारी आला. आदल्या दिवशी तो म्हणाला, "आई, मी उद्या सकाळी सातला व्हिडिओ कॉल करतो. तेव्हा तुझ्याकडे साडेबारा असतील." सकाळी गुडी उभारून, स्वयंपाक आवरून मी देवळात गेले. फोन घरीच होता. परत आले तर साडेअकराच्या सुमाराचे त्याचे तीन कॉल चुकलेले. वाटलं, घाईने आधी केले असतील, सातला परत करेलच. मणगण्याचा नैवेद्य त्याला दाखवायचा म्हणून गुडीसमोर फोन घेऊन बसले. नातवाने माझ्या फोनवर लावून दिलेल्या छोट्या घड्याळात बरोबर सात वाजले, पण फोन आला नाही. मी केला तर त्याने उचलला नाही. तो कामावर पोचला होता. त्या छोट्या घड्याळाखाली जीएमटी अशी अक्षरं आहेत. चूक कुणाची झाली? यंदा असं व्हायला नको. – एक वाचक, म्हार्दोळ

उत्तर : ताई, तुमच्या मुलाने सातलाच फोन केला होता. त्याचे सात वाजले तेव्हा तुमच्याकडे साडेअकरा होते. आदल्या दिवसापर्यंत लिस्बन आपल्या साडेपाच तास मागे होतं. पाडव्याच्या पहाटे, आपले साडेसहा वाजले त्या क्षणी, तिथली घड्याळं एकवरून एकदम दोनवर गेली आणि अंतर साडेचार तासांवर आलं. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातल्या बहुतेक देशांत हे एकाच क्षणी होतं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी उलटं होतं. गेल्या वर्षी तो रविवार आणि पाडवा नेमके एकाच दिवशी आले. मुलाचा फोन झोपेतच नव्या वेळेवर गेला आणि तो उठला तो सरळ नव्या सातला. आदल्या दिवशी तुम्हाला सांगितलेला "साडेबारा" हा हिशेब मात्र जुन्या अंतराचा होता, आणि तो तपासायचं त्याच्या ध्यानात आलं नाही.

दुसरी चूक त्या छोट्या घड्याळाची. जीएमटी म्हणजे ग्रीनिचची मूळ वेळ. ती वर्षभर एकच असते, उन्हाळ्यात पुढे सरकत नाही. हिवाळ्यात लिस्बन आणि जीएमटी यांची वेळ सारखीच असते, त्यामुळे नातवाने घड्याळ लावलं तेव्हा ते अगदी बरोबर दिसलं असणार. ऑक्टोबरच्या शेवटापासून पाच महिने कुणालाही चूक कळली नसती. ती कळायची ती नेमकी मार्चअखेरीस. लंडनच्या बाबतीत तर हा घोटाळा अधिकच होतो, कारण ग्रीनिच लंडनमध्येच आहे, मग जीएमटी म्हणजे लंडनची वेळ असं धरून चालतात. मार्चअखेरीपासून ऑक्टोबरअखेरीपर्यंत लंडनमध्येही जीएमटी चालत नाही.

हे दुरुस्त करायला दोन मिनिटं पुरतात. फोनमधलं घड्याळ उघडा. त्यात पृथ्वीच्या गोलाचं चित्र किंवा "वर्ल्ड क्लॉक" असं असेल, तिथे जा. जीएमटी काढून टाका. अधिकच्या चिन्हावर बोट ठेवून लिस्बन हे शहर शोधा आणि तेच घाला. पोर्तुगालचं म्हणून अझोरेस बेटांचं घड्याळ घालू नका, ती बेटं लिस्बनच्या एक तास मागे आहेत. शहर घातलंत की त्या शहराचे नियम फोनला आपोआप लागू होतात.

हे कसं होतं तेही सांगतो. जगातल्या प्रत्येक भागाची घड्याळं कधी पुढे-मागे झाली आणि पुढे कधी होतील याची एक मोठी यादी आहे. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी ती १९८०च्या दशकात सुरू केली, आता पॉल एगर्ट ती सांभाळतात आणि मदतीला जगभरचे स्वयंसेवक असतात. तिच्यात लिस्बनचं नाव "युरोप/लिस्बन" असं आहे आणि आपल्या सगळ्या भारताचं "आशिया/कोलकाता". तुमचा फोन, मुलाचा फोन, दोघेही हीच यादी वाचतात. फोनला तुम्ही शहर सांगितलंत तर तो यादी उघडून बघतो. जीएमटी सांगितलंत तर बघण्यासारखं काही उरतच नाही.

यंदा पाडवा १९ मार्चला आहे, म्हणजे बदलाच्या दहा दिवस आधी. म्हणून यंदा लिस्बनचे सात म्हणजे तुमचे साडेबाराच. गेल्या वर्षीचा धडा घेऊन साडेअकराला बसलात तर मुलगा झोपेतून उठायचाच असेल. २९ मार्चपासून मात्र साडेअकरा, ते थेट २४ ऑक्टोबरपर्यंत. दर रविवारचा कॉल ठरलेला असेल तर नातवाला सांगून तो फोनच्या कॅलेंडरमध्ये लिस्बनच्या वेळेने घालून घ्या. वेळ भरतो त्याच्याच खाली "टाइम झोन" असतो, तिथे लिस्बन निवडायचं. मग आठवण करणारी घंटी ऋतूप्रमाणे साडेबाराची साडेअकराला आपोआप येईल.

प्रश्न : मी गावच्या देवळात काकडआरतीची व्यवस्था पाहतो. भाच्याने लिस्बनहून येताना मला त्याचा वापरलेला फोन दिला, त्यावर रोज पहाटे चारचा गजर असतो. २६ ऑक्टोबरला गजर झाला, देऊळ उघडायला गेलो तर माणसं अंधारात अंगणात उभी. पाच वाजून गेले होते. फोन एक तास मागे पडला होता. एका दुकानात दाखवला, त्यांनी बॅटरी बदलली. मग मी घड्याळ हाताने एक तास पुढे केलं, आता बरोबर चालतं. आणखी एक, सकाळी नऊला आलेले व्हॉट्सॲप मेसेज पहाटे साडेतीनला आल्याचं दिसतं, आणि सहा आकडी कोड देणारं ॲप बँकेला चालत नाही. फोन बदलावा का? – एक वाचक, डिचोली तालुका

उत्तर : काका, फोन बदलू नका. बॅटरीही चांगलीच होती. फोन आजही लिस्बनमध्येच आहे अशी त्याची समजूत आहे, एवढंच झालंय.

तुमच्या पत्रातला साडेतीन हा आकडा वाचल्याबरोबर माझ्या लक्षात आलं. मेसेजची वेळ आपल्या घड्याळाच्या काट्यांवरून येत नाही. ती ग्रीनिचच्या हिशेबात येते आणि फोन स्वतःला जिथे समजतो तिथल्या वेळेत दाखवतो. आपले सकाळचे नऊ म्हणजे हिवाळ्यातल्या लिस्बनचे पहाटेचे साडेतीन. भाच्याने, किंवा तुम्ही, गोव्यात आल्यावर फोनचं ठिकाण बदललं नाही. नुसते काटे साडेचार तास पुढे सरकवले. समोर दिसणारी वेळ बरोबर आली, म्हणून सगळं ठीक वाटलं.

यात काय बिघडतं ते सांगण्यासाठी थोडं माझ्या नोकरीबद्दल लिहितो. मी बोटीवर रेडिओ अधिकारी होतो. रेडिओ रूममधल्या घड्याळाच्या तबकडीवर रंगीत पट्टे असायचे. दर तासाला १५ ते १८ आणि ४५ ते ४८ ही मिनिटं लाल पट्ट्यात. त्या तीन-तीन मिनिटांत ५०० किलोहर्ट्झवर जगातल्या सगळ्या बोटींनी गप्प राहायचं आणि संकटातल्या बोटीची हाक येते का ते ऐकायचं. तासाच्या सुरुवातीची आणि अर्ध्या तासानंतरची तीन मिनिटं हिरव्या पट्ट्यात, ती २१८२ किलोहर्ट्झसाठी. ते घड्याळ रोज रेडिओवरच्या वेळेच्या ठोक्यांशी ताडून बघायचं आणि नोंदवहीत सगळं जीएमटीमध्येच लिहायचं. बोट पूर्वेला जावो की पश्चिमेला, मेसमधलं जेवणाचं घड्याळ कप्तान सांगेल तसं मागे-पुढे व्हायचं. ग्रीनिचची वेळ दाखवणारा क्रोनोमीटर मात्र तसाच चालू राहायचा. त्याच्या काट्यांना कुणी बोट लावत नसे, कारण बोट समुद्रात नेमकी कुठे आहे हे त्याच्यावरून काढायचं असे. १ फेब्रुवारी १९९९ पासून उपग्रहाची नवी पद्धत सक्तीची झाली आणि आमचं पदच बोटींवरून गेलं, पण ती शिस्त माझ्या अंगात राहिली.

तुमच्या फोनच्या पोटातही असाच एक क्रोनोमीटर आहे. १ जानेवारी १९७०च्या ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले, एवढंच तो मोजतो. पडद्यावर दिसणारी वेळ म्हणजे तो आकडा अधिक तुमच्या ठिकाणाचा नियम. ठिकाण लिस्बनच ठेवून वेळ पुढे केलीत तेव्हा मेसमधल्या घड्याळाला हात लावतोय असं वाटलं, पण बोट लागलं ते क्रोनोमीटरला. तो आधी साडेचार तास चुकला. मग ऑक्टोबरच्या त्या रात्री, तुमचे दोन वाजले तेव्हा, फोनला वाटलं लिस्बनमध्ये हिवाळी वेळ सुरू झाली, आणि त्याने दोनचे एक केले. तुम्ही पुन्हा एक तास पुढे केलंत, म्हणजे आता तो साडेपाच तास चुकलेला आहे. बँकेचा कोड याच आकड्यावरून दर ३० सेकंदांना नवा तयार होतो. बँकेकडचा आकडा खरा, तुमच्याकडचा साडेपाच तास पुढचा, मग कोड जुळणार कसे?

आता नीट वाचा. असाच फोन ठेवलात तर २८ मार्चच्या मध्यरात्रीनंतर तुमचा एक वाजला की फोन एकदम दोन दाखवील आणि चारचा गजर खऱ्या तीन वाजता होईल. म्हणून त्याआधी हे करा. सेटिंग्जमध्ये "सिस्टीम" आणि त्यात "डेट अँड टाइम" असं सापडेल. काही फोनांत ते वेगळ्या पानावर असतं, म्हणून सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत "डेट" लिहून बघा. तिथे टाइम झोन आपोआप घेण्याची आणि वेळ आपोआप घेण्याची अशी दोन वेगवेगळी बटणं असतात. दोन्ही चालू करा. थोडा वेळ थांबा. टाइम झोन भारताचा, साडेपाच तास पुढचा, दिसायला हवा. देवळाच्या आसपास नेटवर्क नसेल किंवा झोन लिस्बनवरच अडून बसला तर झोनचं आपोआप बंद करा आणि हाताने भारत निवडा. आधी ठिकाण, मग वेळ, हा क्रम सोडू नका. ठिकाण बदलल्यावर घड्याळ साडेपाच तास पुढे उडालेलं दिसेल. घाबरू नका, चुकलेला क्रोनोमीटर आता उघडा पडला आहे. वेळ आपोआप घेण्याचं बटण चालू असेल तर नेटवर्क मिळताच ती जागेवर येईल, नसेल तर तेवढी वेळ हाताने लावा.

त्यानंतर दोन गोष्टी तपासा. गजर पडद्यावरच्या वेळेने चालतो, म्हणून चारचा गजर चारलाच राहील, त्याची चिंता नको. कॅलेंडरमध्ये गेल्या काही महिन्यांत लिहिलेल्या पुढच्या भेटी मात्र साडेचार किंवा साडेपाच तास पुढे सरकलेल्या दिसतील. सकाळी दहाची डॉक्टरची वेळ दुपारी साडेतीनला गेलेली असेल. त्या एकेक करून परत लिहा.

काकडआरतीला माणसं अंधारात उभी राहिली याचं तुम्हाला किती वाईट वाटलं असेल ते मला कळतं. पण तुम्ही निष्काळजीपणा केलेला नाही. फोन विकणारे, देणारे, दुरुस्त करणारे कुणीच ही दोन बटणं समजावून सांगत नाहीत, आणि बॅटरीचे पैसे तुमचे गेले. परदेशातून आलेला फोन कुणी हातात दिला की सिमकार्ड घालण्याच्याही आधी टाइम झोन बघायचा, एवढं आपल्या गावात सगळ्यांना सांगा.

प्रश्न : माझा मुलगा तारवटी आहे, प्रवासी बोटीवर. त्याचा फोन बंदरात एक वेळ दाखवतो, समुद्रात दुसरी, आणि एकदा त्यामुळे ड्युटीला उशीर झाला. काय सांगू त्याला? – एक वाचक, वास्को

उत्तर : ताई, बोट बंदराला लागली की फोन किनाऱ्यावरच्या टॉवरची वेळ घेतो. बोटीचं स्वतःचं नेटवर्क असेल तर ते आणखी वेगळी वेळ पाठवू शकतं. पण ड्युटी चालते ती बोटीच्या घड्याळावर, आणि ते घड्याळ कप्तान ठरवतो. बंदरातल्या घड्याळाशी त्याचं जुळेलच असं नाही.

मुलाला सांगा, बोटीवर पाऊल ठेवलं की टाइम झोन आपोआप घेण्याचं बटण बंद करायचं. वेळ आपोआप घेण्याचं चालू ठेवलं तरी चालेल. मग बोटीची वेळ ज्या शहराशी जुळते ते शहर झोनमध्ये निवडायचं. म्हार्दोळच्या ताईंना मी नियम बदलणारं शहर घ्यायला सांगितलं, तुमच्या मुलाने नेमकं उलट करायचं. ज्यांची घड्याळं वर्षभर हलत नाहीत अशीच शहरं घ्यायची, म्हणजे रात्रीत कुठलाही तास नाहीसा होणार नाही. बोट ग्रीनिचच्या वेळेवर असेल तर रेक्याविक. एक तास पुढे असेल तर लागोस, दोन तास पुढे जोहान्सबर्ग, तीन तास पुढे दोहा, चार तास पुढे दुबई. कॅरिबियनमध्ये ग्रीनिचच्या चार तास मागे असेल तर सान हुआन, पाच तास मागे असेल तर पनामा. ही यादी त्याने कागदावर लिहून बंकजवळ चिकटवावी. घड्याळ बदलायची सूचना संध्याकाळी लागली की झोपण्याआधी शहर बदलायचं, गजर पुन्हा एकदा डोळ्यांनी बघायचा. आणि बोटीच्या वेळेवर लावलेलं एक साधं मनगटी घड्याळ हातात असावंच. मी वीस वर्षं तसंच केलं.

प्रश्न : मला ११ मार्चला अमेरिकेतल्या एका कंपनीची ऑनलाइन मुलाखत द्यायची आहे. पत्रात "सकाळी ११, ईएसटी" असं आहे. माझे रात्रीचे साडेनऊ ना? – एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : बाय, ईएसटी म्हणजे न्यूयॉर्ककडची हिवाळी वेळ, आणि ती अक्षरशः धरली तर साडेनऊ बरोबर आहेत. पण अमेरिकेची घड्याळं युरोपच्या आधी, मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात. यंदा तो ८ मार्च. त्यामुळे ११ तारखेला न्यूयॉर्कमध्ये जे ११ वाजतील ते तुझे साडेआठ. तिथले लोक सवयीने वर्षभर ईएसटीच लिहितात, मनात मात्र भिंतीवरचं घड्याळ असतं. आजच एक ओळ लिहून विचार, "न्यूयॉर्कचे सकाळचे ११ का?" उत्तर येईपर्यंत साडेआठच धरून तयारी कर. आणि कंपनी ॲरिझोनातली असेल तर तेही विचार, कारण त्या राज्यात बहुतेक ठिकाणी घड्याळं बदलतच नाहीत. ८ ते २९ मार्च हे तीन आठवडे आणि २५ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर हा एक आठवडा, एवढा काळ अमेरिका आणि युरोप यांच्यातलं नेहमीचं अंतर चुकतं. दोन्हीकडे काम करणाऱ्यांनी या दिवसांत प्रत्येक वेळ शहराच्या नावासकट लिहावी. मुलाखतीसाठी शुभेच्छा.

प्रश्न : माझा फोन दहा वर्षांचा आहे, त्याला आता अपडेट येत नाहीत. बहीण लंडनला असते. त्याच्यातली लंडनची वेळ विश्वासाची धरावी का? आणि हे घड्याळ हलवणं बंद होणार असं ऐकलं होतं, त्याचं काय झालं? – एक वाचक, पेडणे

उत्तर : लंडनसाठी निर्धास्त राहा. लंडन आणि लिस्बनचा मार्च-ऑक्टोबरचा नियम १९९६ पासून तोच आहे, त्यामुळे जुन्या फोनमधली जुनी यादीही त्यांच्यासाठी बरोबर आहे. नियम बदललेल्या देशांसाठी मात्र ती चालणार नाही. ब्राझीलने घड्याळ हलवणं २०१९ मध्ये बंद केलं, मेक्सिकोने बहुतेक भागात २०२२ मध्ये. इजिप्तने ते २०२३ मध्ये पुन्हा सुरू केलं. तुमच्या फोनला यातलं काहीच ठाऊक नसणार. अँड्रॉइड १० किंवा त्यानंतरच्या फोनांत ही यादी सगळा फोन अपडेट न करताही वेगळी येऊ शकते. तुमच्या फोनात ती सोय नाही.

नियम ऐन वेळी बदलला तर काय होतं ते लेबनॉनमध्ये दिसलं. २०२३ च्या मार्चमध्ये २५ तारखेच्या रात्री घड्याळं पुढे जायची होती. दोन-तीन दिवस आधी सरकारने जाहीर केलं की रमजान असल्यामुळे बदल २१ एप्रिलपर्यंत लांबवला. तिथल्या चर्चने आणि काही वाहिन्यांनी ते मानलं नाही. एकाच शहरात दोन वेळा चालू झाल्या. काही फोन आधीच ठरलेल्या नियमाने पुढे गेले, काही मागे राहिले, आणि लोकांना हाताने वेळ लावायला सांगावं लागलं. चार दिवसांत सरकारने निर्णय फिरवला आणि २९ मार्चच्या रात्री घड्याळं पुढे गेली. मी मघाशी सांगितलेली ती यादी सांभाळणाऱ्यांनी या काळात आधी एक आवृत्ती काढली आणि मग ती उलटवणारी दुसरी काढली. ही माणसं पगाराशिवाय हे काम करतात, आणि आपला प्रत्येक गजर त्यांच्या कामावर चालतो. त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे.

युरोपचं म्हणाल तर युरोपीय संसदेने मार्च २०१९ मध्ये हे बंद करण्याच्या बाजूने मत दिलं होतं, २०२१ हे सालही धरलं होतं. पण सदस्य देशांचं एकमत झालं नाही आणि जुनी पद्धत चालूच आहे. उद्या खरोखर बंद झालं तर लिस्बनसाठीसुद्धा तुमचा फोन चुकू लागेल, तेव्हा बदलायचा विचार करा. कुठली वेळ कायमची ठेवायची हा प्रश्न तिथल्या लोकांना सोपा नाही. पोर्तुगालने १९९२ ते १९९६ मध्य युरोपची वेळ घेऊन पाहिली होती. त्या काळात एका जानेवारीत आमची बोट लिस्बनला लागली होती. सकाळी आठला मिट्ट काळोख, आणि दप्तरं पाठीला लावून मुलं त्या काळोखातून शाळेत चाललेली मी गोदीच्या फाटकातून पाहिली. आपल्याकडे सर्वांत मोठा दिवस सुमारे तेरा तासांचा आणि लहान सव्वाअकराचा, त्यामुळे हा खटाटोप आपल्याला उमगत नाही. लिस्बनमध्ये हा फरक जवळजवळ पंधरा तास आणि साडेनऊ तास इतका आहे.

जाता जाता त्याच पत्राच्या शेवटी विचारलेल्या एका गोष्टीबद्दल. पेडण्याच्या या वाचकांच्या वाड्यावरची मुलं पहाटेचा नरकासुरवध फोनवरून थेट दाखवतात, आणि बहिणीच्या इंग्लंडमधल्या स्विंडनच्या मैत्रिणींना तो एका वर्षी दिसला आणि एका वर्षी चुकला. कारण तारखेत आहे. २०२५ मध्ये नरकचतुर्दशी २० ऑक्टोबरला होती, घड्याळं अजून उन्हाळी होती. आपले पहाटेचे पाच म्हणजे इंग्लंडचे मध्यरात्रीनंतरचे साडेबारा, तारीख २०च. त्याच्या आदल्या वर्षी ती ३१ ऑक्टोबरला, बदलानंतर आली. तेव्हा आपले पाच म्हणजे तिथले ३० तारखेच्या रात्रीचे साडेअकरा. "३१ तारखेला" असं कळवलेलं असल्यामुळे त्या मध्यरात्रीनंतर फोन घेऊन बसल्या असतील, तोवर इथे नरकासुर जळून गेला होता. यंदा दिवाळी नोव्हेंबरात आहे, म्हणजे पुन्हा साडेपाच तासांचं अंतर आणि आदली रात्र. मुलांना सांगा, निरोपात इंग्लंडची तारीख, वार आणि वेळ लिहा, आणि शेजारी आपली.